काकूंच्या पावातलं मीठ

गारगोटीच्या बाजारात वहिनीबरोबर वांगी निवडत होते, तेव्हा शेजारच्या करुणाकाकूंच्या मुलीचा, रूथचा फोन आला. "ताई, आई गेली. सकाळी चहा घेतला, पुन्हा जरा पडते म्हणाली... ती उठलीच नाही." मी "बरं" म्हणाले. बाजारातली ओरड चालूच होती, वांगी विकणारी बाई पिशवी उघडी धरून माझ्याकडे बघत होती आणि मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. आज गुरुवार, उद्या शुक्रवार, परवा महिन्यातला पहिला शनिवार... मग पीठ कोण मळणार? बावीस वर्षांपासूनची शेजारीण गेल्याची बातमी कानावर पडली आणि माझ्या डोक्यात सगळ्यात आधी आला तो पाव. याची मला अजून लाज वाटते. करुणाकाकूंना मात्र त्यात काही वावगं वाटलं नसतं. रडायचं ते रडा, पण पीठ भिजवून ठेवा आणि मग रडा, असंच त्या म्हणाल्या असत्या.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. दोन्ही बाजूंना ऊस, वर पांढरं ऊन, गाडीचा एकसुरी आवाज. डोळा लागला की नाही ते सांगता येणार नाही, पण मध्येच कुठेतरी मला भाजत्या पावाचा वास आला, अगदी स्पष्ट. आधी पिठाचा कच्चट, मग गोडसर, मग कडेला किंचित करपल्याचा. मी दचकून शेजारच्या बाईकडे पाहिलं. तिच्या मांडीवर मेथीची जुडी होती, बाकी काही नाही. पुढचा सगळा रस्ता मी तो वास पुन्हा येतोय का म्हणून खिडकीला नाक लावून बसले होते... आला नाही.

आम्ही कोल्हापूरशेजारी कळंब्याला राहायला आलो ते बावीस वर्षांपूर्वी, जूनच्या आधी, शाळा सुरू व्हायच्या बेतात. मी तेव्हा शहरातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होते. शनिवारी सकाळची शाळा असायची, त्यामुळे साडेबाराला घरी. नव्या घरातला तो पहिला शनिवार मात्र अजून सुट्टीतला. खोकी अर्धी उघडलेली, पातेल्याचा पत्ता नाही, तळ्याकडून वारा येतोय, आणि त्या वाऱ्याबरोबर असा वास की मी हातातलं सोडून मागच्या दारात जाऊन उभी राहिले. मधल्या भिंतीपलीकडे एक उंच, सडसडीत बाई पत्र्याच्या चौकोनी पेटीसमोर स्टुलावर बसली होती. खाली निखारे, वरच्या झाकणावर निखारे, आणि ती पेटीकडे कान लावून काहीतरी ऐकत असल्यासारखी बसलेली. संध्याकाळी त्याच बाईने भिंतीवरून कागदात गुंडाळलेला पावाचा तुकडा पुढे केला. मी नको नको म्हणायला लागले, नवीन माणसाने म्हणतात तसं. तर म्हणाल्या, "पावणं म्हणून देत न्हाय, शेजारीण म्हणून देतोय. म्हैन्याच्या म्हैन्याला येणार हे, आतापासनंच नको म्हणू नगंस."

आमच्याकडे बायकाही 'देतो, येतो'च म्हणतात. मराठीची मास्तरीण असून घरात माझी भाषाही तीच. त्यामुळे काकूंचं आणि माझं पहिल्या दिवसापासून जमलं.

त्या पावाची गोष्ट मला हळूहळू कळत गेली. काकू ख्रिस्ती. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमधल्या त्यांच्या लोकांत, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. येशूने शेवटच्या रात्री शिष्यांना भाकर मोडून दिली, त्याची आठवण म्हणून पावाचा एकेक लहान तुकडा सगळे घेतात. तो पाव काकू घरी भाजायच्या. त्यांच्या आधी त्यांचे वडील भाजायचे. ते मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकी होते आणि पत्र्याची ती पेटी त्यांनीच बनवून घेतलेली. वडिलांनी घालून दिलेला एक नियम काकूंनी कधी मोडला नाही. एकाच पिठाचे दोन पाव करायचे. एक मंडळीचा, एक गल्लीचा. आपल्या अकरा घरांना वगळून देवापुढे ताट न्यायचं म्हणजे भावंडांना न देता आईच्या हातातलं एकट्याने खाल्ल्यासारखं, असं वडील म्हणायचे म्हणे. म्हणून शनिवारी संध्याकाळी गल्लीचा पाव अकरा तुकड्यांत मोडला जायचा, सुरीने कापायचा नाही, आणि समोरच्या रुखसानाभाभींपासून कोपऱ्यावरच्या दूधवाल्यांपर्यंत प्रत्येक घरात पोचायचा. मंडळीचा पाव पांढऱ्या धुतलेल्या कापडात बांधून टेबलावर रात्रभर राहायचा. त्याला कुणी हात लावायचा नाही.

पुढे निखारे गेले, विजेचा ओव्हन आला, पण दुपार तीच राहिली. मी शाळेतून यायची, जेवायची आणि मागच्या दाराने काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची. परातीत मैदा, थोडं गव्हाचं पीठ, कोमट पाण्यात फसफसलेलं खमीर, साखर, मीठ. मळून झालं की काकू त्या गोळ्यावर तळहात ठेवून डोळे मिटायच्या आणि गल्लीतली घरं एकेक करून पुटपुटायच्या. कुणाचा गुडघा, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाची परीक्षा. आमच्या घराचं नाव आलं की मला उगाचच अवघडल्यासारखं व्हायचं, आणि नाही आलं असतं तर रागही आला असता. मग परातीवर ओलं फडकं, आणि काकू आरामखुर्चीत. दुपारचं ऊन फरशीवर सरकत सरकत परातीपर्यंत यायचं, फडकं हळूहळू वर उचललं जायचं... मी किती वेळा तिथेच भिंतीला टेकून झोपले असेन, त्याचा पत्ता नाही. मी स्वतः एकदा घरी पाव करून पाहिला. आमच्या ह्यांनी तो दाराला अडसर म्हणून वापरायचा प्रस्ताव मांडला. मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

दोन वर्षांपूर्वी काकूंना मोठा ताप आला. आठ दिवसांनी उठल्या, पण नाकाचा वास आणि तोंडाची चव गेली ती गेलीच. मला हे त्यांनी सांगितलं नाही, रूथलाही नाही. वर वयाचा विसराळूपणा सुरू झालेला. पुढच्या महिन्यात गल्लीचा पाव आला तो अळणी. मला वाटलं, माझंच तोंड बिघडलंय. त्याच्या पुढच्या महिन्यातही अळणीच. मी रुखसानाभाभींना हळूच विचारलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. सगळ्या गल्लीला कळलं होतं आणि सगळी गल्ली गप्प होती. कोल्हापुरात हे नवलच म्हणायचं. एरवी आम्ही भाजीत मीठ कमी पडलं तर पंक्तीत उभं राहून सांगणारे लोक. मंडळीतलं तर विचारायलाच नको. प्रभुभोजनाच्या तुकड्यात मीठ नाही, असं कोण कुणाला म्हणणार? साठ-सत्तर माणसांनी डोळे मिटून तो अळणी तुकडा गिळला आणि घरी जाऊनही कुणी ब्र काढला नाही. त्यात जे नवे, तरुण पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले होते, ते आधीच म्हणत होते की बाईंचं वय झालं, आता पाव बेकरीतून आणू, त्यांना कशाला त्रास. ते काही वाईट मनाने म्हणत नव्हते. पण हे कारण मिळालं असतं तर काकूंच्या हातून पाव गेला असता, आणि तो गेला असता तर काकूंना महिना मोजायला काही उरलं नसतं, हे मला दिसत होतं. त्यांच्या घरात कॅलेंडर होतं ते त्या एका शनिवारासाठी.

मग मी जे केलं ते केलं. तिसऱ्या महिन्यात काकू खुर्चीत डुलायला लागल्यावर मी फडकं बाजूला केलं, पिठाचा कण जिभेवर ठेवला. अळणी. तीन सपाट चमचे मीठ थोड्या पाण्यात विरघळवून मी ते मुठीने पिठात मुरवलं, पुन्हा फडकं टाकलं आणि चोरासारखी येऊन भिंतीला टेकले. काकू उठल्या, परातीकडे पाहून म्हणाल्या, आज पीठ लवकर फुगलं न्हाय. अळणी पीठ भसाभस वर येतं, मिठाने त्याला जरा शिस्त लागते, हे त्यांनीच मला कधीतरी शिकवलेलं. मी हवेला दोष दिला. त्या संध्याकाळी रुखसानाभाभींनी तुकडा तोंडात टाकून माझ्याकडे नुसतं बघितलं. असं सात महिने चाललं. दर वेळी मी आधी चाखायची आणि मगच घालायची. सात महिन्यांत एकदाही पिठात मीठ नव्हतं.

आठव्या महिन्यात आमच्याकडे अचानक ह्यांचे मामा-मामी आले. त्यांना वाढून, हात पुसत मी पळत काकूंकडे गेले. त्या झोपल्या होत्या. घाईत मी पिठाचा कण चाखलाच नाही, मीठ घातलं आणि पळत परत आले. त्या दिवशी नेमकं काकूंना आठवलं होतं. नेमकं त्याच दिवशी त्यांनी स्वतः तीन चमचे मीठ मोजून घातलं होतं.

मामा-मामींच्या गडबडीत गल्लीचा तुकडा शनिवारी मी डब्यात टाकून ठेवला आणि रविवारी दुपारी तोंडात घातला. तोपर्यंत चर्चमधली उपासना आटोपली होती. नुसतं मीठ. पुढचं मग काकूंकडूनच कळलं. भोजनाच्या वेळी पुढच्या बाकावरच्या एका लहान मुलीने तुकडा तोंडातून हातात काढून आईला दाखवला, आणि आईने तिचा हात घाईघाईने मिटवला. पाळकांना ठसका लागला. उपासना संपल्यावर लोक बाहेरच्या नळावर पाणी पीत उभे होते. काकू कुणाशी न बोलता घरी आल्या. पांढरं कापड धुऊन, घडी करून त्यांनी कपाटात ठेवलं आणि पाळकांना फोन करून सांगितलं की पुढच्या महिन्यापासून पाव बेकरीतून आणा. मला हे भिंतीवरून सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता. "हाताला कळंना झालंय बघ आता. देवाच्या ताटात असलं न्हाय चालत."

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. गप्प बसावं, तर काकू माझी चूक स्वतःच्या माथी घेऊन बसणार आणि त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं काम माझ्यापायी थांबणार. सांगावं, तर त्यांना कळणार की एका दिवसाची नव्हे, नऊ महिन्यांचा विसर त्यांना पडला होता, आणि अख्ख्या जगाने तो त्यांच्यापासून लपवला. ह्यांचं म्हणणं, कशाला सांगतेस, वय झालंय, विसरून जातील. ते ऐकलं आणि मी उठले. विसरतात म्हणून खोटं बोलायचं, हे मला भयंकर वाटलं.

काकू अंगणात शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"तू कधीपासनं हात लावलीस पिठाला?"

"सात म्हैनं झालं, काकू."

"म्हंजे सात म्हैनं मी मीठच घातलो न्हाय?"

"त्याच्या आधीचं दोन म्हैनं पण न्हाय."

मला वाटलं, रडतील. पण त्यांना राग आला होता. खरा, उभा राग, इतक्या वर्षांत मी पाहिला नव्हता असा. त्या म्हणाल्या, "मला एकानं सांगायचं हुतं. तू न्हाय, गल्ली न्हाय, मंडळी न्हाय. मी काय तान्हं बाळ हाय व्हय, झोपलं की दूध पाजायला? आणि तू तर चोरून घातलीस. जा घरला."

मी आले. तीन आठवडे मधल्या भिंतीवरून एक शब्द नाही. मी दार वाजवलं तर आतून "कामात हाय" एवढंच. बाजारात त्यांची पिशवी धरायला गेले, तर त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, नोकरीतून मोकळी व्हायला आलेली, आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसून शाळकरी पोरीसारखी रडायची. दुपारी झोप लागली की मला ती परात दिसायची, फडक्याखाली काहीतरी वर येतंय असं वाटायचं, आणि फडकं उचललं की परात रिकामी.

पहिला शनिवार आला. मी मुद्दाम घरातच बसले होते. दोनच्या सुमाराला भिंतीवरून हाक आली. "वैशाली, मीठ घेऊन ये."

मी होते तशी भिंतीपाशी धावले. "संपलं व्हय, काकू?"

"भरपूर हाय. तुझ्या घरचं आण."

मी डबाच घेऊन गेले. स्वयंपाकघरात परात तयार होती, पीठ अजून कोरडं. काकूंनी हात पुढे केला, मी तळहातावर तीन चमचे मीठ मोजून ओतलं. त्या ते हाताने जोखत राहिल्या, जिभेला कळत नव्हतं ते हाताला कळतंय का बघत असाव्यात. मग म्हणाल्या, "चोरून घातलीस ते देवाला चाललं असंल. मला न्हाय चालत. आजपासनं माझ्या समोर घालायचं." आणि त्यांनी ती मूठ पिठात उघडली. त्या दिवशी गोळ्यावर हात ठेवून घरांची नावं घेताना त्यांनी माझाही हात ओढून पिठावर ठेवला. कोमट, जड, खालून हळूच ढकलल्यासारखं काहीतरी... मी आयुष्यात देवासमोर पुष्कळ हात जोडलेत, पण तेव्हा जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही. मी माझी देवपूजा सोडली नाही, काकूंनी तसं कधी सुचवलंही नाही. पण त्या घटकेला मला कुणाचा कोणता देव हा प्रश्नच आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळीत उभं राहून सगळ्यांना झापलं म्हणे. दोन महिने अळणी खाल्लंत, एका महिन्यात समुद्र प्यायलात, आणि एकालाही तोंड उघडावंसं वाटलं नाही, तर मग प्रार्थनेला तरी कशाला उघडता? पाव माझाच, मीठ शेजारणीचं, हे आधीच सांगून ठेवतो, असंही त्या म्हणाल्या. तरुण पाळक हसले आणि बेकरीचा विषय तिथेच संपला. गल्लीलाही त्यांनी सोडलं नाही. रुखसानाभाभींना तर दारात उभं करून विचारलं की ईदला तुझ्या खिरीत साखर कमी पडली तर मी गप्प बसतो काय?

त्यानंतर चौदा महिने आम्ही दोघींनी मिळून पाव केला. शेवटी शेवटी काकू नावं विसरायला लागल्या, तेव्हा घरं मी सांगायची आणि त्या नुसतं 'व्हय, व्हय' म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, मला आता तुझं नाव आठवंना झालंय, पण मीठवाली म्हटलं की तूच. मी म्हटलं, चालंल की. शेवटच्या शनिवारी पाव ओव्हनमधून मी काढला, त्यांनी फक्त त्याच्या पाठीवर बोटांनी टकटक करून कान लावला आणि झाला म्हणाल्या.

त्या गेल्या त्या आठवड्याच्या रविवारी प्रभुभोजनाला बेकरीचा पाव आला. मी त्याबद्दल काही बोलले नाही, तो अधिकार माझा नव्हता. पण पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारीच काकूंची स्मरण उपासना ठरली, आणि पुण्याहून आलेल्या रूथने शनिवारी दुपारी भिंतीवरून हाक मारली. तिने पीठ मळलं, मी मीठ घातलं. दोघींनीही चाखलं, दोनदा. तिला खारट वाटलं, मला कमी. तिसऱ्यांदा चाखायचं धाडस झालं नाही. गल्लीचा पाव अकरा घरांत गेला, पण माझा तुकडा मी न चाखता डब्यातच ठेवला; लक्ष सगळं उद्याच्या ताटाकडे होतं.

रविवारी मी पहिल्यांदाच त्या उपासनेला गेले, मागच्या बाकावर, रूथच्या शेजारी. भोजनाची वेळ झाली. ताट बाकाबाकावरून पुढे सरकत माझ्यासमोर आलं. मी त्यांच्यातली नाही, ते घ्यायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. मी ते तसंच रूथच्या हातात दिलं. सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली गेल्या, उंच खिडक्यांतून पिवळसर ऊन बाकांवर पडलेलं, सगळीकडे इतकं शांत की चावल्याचा आवाजही यावा. आणि मी ताठ बसून पुढच्या एकेका चेहऱ्याकडे बघत होते, कुणाचा गाल थांबतोय का, कुणाची भुवई वर जातेय का. रूथने तिचा तुकडा गिळला आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"ताई, मान खाली घाला," ती अगदी हळू म्हणाली. "आई पण असंच करायची. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि ही एकटी सगळ्यांची तोंडं बघत बसलेली."

मी मान खाली घातली. डोळे मात्र मिटले नाहीत. तिसऱ्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाबांचं अजून चावून व्हायचं होतं.